बाची ओळ

"ही खालची ओळ माझ्या बाची," तिमाण्णा म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी दगडावरची धूळ पुसली. "वाचा की बाई. मोठ्यानं वाचा. लई दिस झालं, कुनाच्या तोंडनं ऐकलं न्हाई."

खडेवाडीच्या सार्वजनिक विहिरीवर चार-पाच बायका धुणं आपटत होत्या. विहिरीच्या कठड्यात बसवलेला तो काळा दगड बघायला मी खाली वाकले. पाच ओळी खोदलेल्या होत्या. अक्षरं एकसारखी, डौलदार, शिरोरेषा दोरी धरल्यासारखी सरळ. पहिल्या ओळीत गावाचं नाव, मग साल एकोणीसशे त्र्याहत्तर, मग सरपंचांचं नाव, मग काम दुष्काळात झालं असा मजकूर. पाचव्या ओळीवर कुंकवाचे वाळलेले थर होते. त्या कुंकवातून मी अक्षरं लावली. तिथं लिहिलं होतं : येथे कपडे धुण्यास मनाई आहे.

मी पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. दुसरं काही नव्हतं.

"विहीर खोदनार हणमाप्पा धोत्रे, आसं हाय न्हवं?" तिमाण्णांनी विचारलं. पन्नाशीला टेकलेला उंचापुरा वडारी माणूस, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी, आणि चेहरा सणाला नवं धोतर नेसून उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

"विहीर खोदणार, हणमाप्पा धोत्रे," मी मोठ्यानं वाचलं.

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मागं धुण्याचा आवाज चालूच होता.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या जूनमधली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, साताऱ्याहून पदवी घेऊन नुकती 'सोबत' नावाच्या लहानशा संस्थेत लागले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला वाचायला शिकवायचं होतं, आणि पहिल्याच दिवशी मी खोटं वाचलं होतं.

आमच्या संस्थेचा एक नियम होता. एकट्या माणसाला वर्गात घ्यायचं नाही, घर घ्यायचं. आठवड्यातून तीन दिवस दिवेलागणीला मोठ्यांचा वर्ग, आणि रविवारी सकाळी आईबाप, मुलं सगळ्यांनी समाजमंदिरात एका सतरंजीवर बसून वाचायचं. इंदूताई, आमच्या संस्थेच्या प्रमुख, म्हणायच्या की एकटं माणूस शिकलं तर चार महिन्यांत विसरतं, कारण घरी त्याच्याशी अक्षरांचं बोलायला कुणी नसतं.

तिमाण्णा नाव नोंदवायला आले ते बायको नागव्वा आणि लेक अंबू यांना घेऊन. अंबू नऊ वर्षांची, चौथीत जाणारी. नागव्वा आईच्या जागी शोभणारी, अबोल बाई. नाव विचारलं तेव्हा तिनं स्वतःचं सांगितलं, नवऱ्याचं विचारलं तेव्हा अंबूला कोपरानं ढोसलं. मग तिमाण्णांनीच आपलं नाव सांगितलं आणि कशासाठी शिकायचंय तेही सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर खोदायला काढली होती. पन्नास फूट गेले तरी खाली कोरडा खडक. गावानं आशा सोडली, सरपंच काम बंद करायच्या गोष्टी बोलू लागले. तिमाण्णांचे वडील हणमाप्पा एकटेच म्हणत राहिले, अजून चार हात, माझ्या पहारीला खाली पोकळ लागतंय. आठव्या दिवशी पाणी लागलं. त्यानंतर वर्षाच्या आत हणमाप्पा गेले. सरपंच बापूसाहेब निकमांनी तिमाण्णांना बोलावून सांगितलं, की विहिरीवर दगड बसवू, त्याच्यावर तुझ्या बापाचं नाव घालू, आणि तूच तो खोद.

"मला कुठं वाचाय येतंय?" तिमाण्णा म्हणाले होते.

"कागदावर जसं काढून देतो तसं दगडात काढ. खालची ओळ तुझ्या बाची."

तसं त्यांनी काढलं. तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला ते त्या ओळीला कुंकू लावत, नारळ फोडत, घरचा नैवेद्य ठेवत. यंदा त्यांना ती ओळ स्वतःच्या तोंडानं वाचायची होती. सर्वपित्रीला साडेतीन महिने होते.

त्याच आठवड्यात मी साताऱ्याला जाऊन इंदूताईंना सगळं सांगितलं. त्या चहा गाळत होत्या. हात थांबवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सांगून टाक त्यांना. उद्याच्या उद्या."

"त्यांचा चेहरा तुम्ही बघितला नाही, ताई."

"म्हणूनच उद्या सांग. जितकी थांबशील तितकं तोंड उघडायला जड जाईल."

मी होय म्हणाले. एसटीत बसल्यावर काय बोलायचं ते ठरवलंसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिमाण्णा वर्गात सर्वांच्या आधी येऊन सतरंजी झटकून बसले होते, आणि मी पाट्या वाटायला घेतल्या. मग परवा सांगू, मग पुढच्या सोमवारी सांगू, असं करत आषाढ गेला.

विद्यार्थी म्हणून तिमाण्णा मजेशीर होते. पाटीवरची पेन्सिल इतकी दाबून धरायचे की रोज दोन-तीन तुकडे व्हायचे. आम्ही अक्षर काढून मग वर रेघ मारायला शिकवतो. ते आधी रेघ मारायचे, मग तिच्याखाली अक्षर लोंबकळवायचे. दगडात तसंच करतात, आधी दोरीला तांबडी काव लावून रेघ उमटवायची. मी दोनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं यायचं. हाताला सगळी वळणं पाठ होती. कुठल्या वळणाचा कुठला आवाज, एवढंच त्यांना नवं होतं. एका ओळखीच्या वळणाला म म्हणतात हे कळलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं तिच्या! ह्यो तर शंभर येळा खोदलाय म्या!"

नागव्वा मागं बसायची. पाटी घ्यायची, पण लिहायची थोडं. विचारलं की मान हलवायची. ती काय शिकतेय, शिकतेय की नाही, मला समजत नसे.

आणि मी काय करत होते? अक्षरांचा क्रम बदलत होते. आमच्या पुस्तकात ध आठव्या पाठात होता. मी तो पुढं ढकलला. ड ढकलला. उकार तर पार शेवटी नेला. नाव लिहायला शिकवताना तिमाण्णा एवढंच शिकवलं. आडनाव मागून, जोडाक्षर आहे, अवघड आहे, असं सांगितलं. वर्गात पंचवीस माणसं माझ्या या भित्रेपणामुळं वाकड्या वाटेनं शिकत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पण ध काही माझ्या हातात राहिला नाही. श्रावणाच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तिमाण्णा आले ते हसतच.

"बाई, ध गावला! अंबूच्या पुस्तकात धरनाचं चित्र हाय न्हवं? तिथं. मग म्या हिरीवर जाऊन आलो. बाच्या ओळीत हाय ध, मधोमध! आमच्या धोत्रेचा!"

वर्गातल्या दोन-तीन माणसांनी माना खाली घातल्या. त्यांना काय लिहिलंय ते ऐकून माहीत असावं. मी खडू उचलला आणि फळ्यावर दुसरंच काहीतरी लिहू लागले.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ते घडलं.

सकाळी नऊची वेळ. ऊन-सावलीचा खेळ चाललेला, समाजमंदिराची दारं सताड उघडी. सात-आठ घरं आलेली. मी भिंतीवर बाराखडीचा तक्ता लावला होता, आणि मुलांनी छडी धरून मोठ्यांकडून ती म्हणवून घ्यायची होती. अंबूची पाळी आली तेव्हा तिनं थ पर्यंत धडाधडा म्हटलं, मग द, मग ध.

"ध, धा, धि, धी, धु, धू…"

"थांब," तिमाण्णा म्हणाले.

अंबू थांबली.

"त्ये खाली शेपूट आल्यालं. त्येला काय म्हनलीस?"

"धु."

"आन आमच्या धोत्रेचा कंचा?"

अंबूनं छडी हलवली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. नऊ वर्षांच्या मुलीचे ते डोळे बघितले आणि मला समजलं, की हिनं ती ओळ केव्हाच वाचलीय.

"अंबे, कंचा?"

छडी हळूहळू उजवीकडं सरकली आणि धो वर टेकली.

तिमाण्णा तक्त्याजवळ गेले. बोटानं त्यांनी धो चा काना चाचपला, वरची मात्रा चाचपली. मग मागं येऊन धु चा उकार चाचपला. खोदणाऱ्या माणसाची ती बोटं. कुठल्या दगडात कुठली रेघ वर काढली आणि कुठली खाली, हे ती वीस वर्षांनीही विसरलेली नव्हती.

"बाच्या ओळीत शेपूट खाली हाय," ते म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर पडले.

आम्ही मागोमाग गेलो. नागव्वा, अंबू आणि मी. विहिरीवर नेहमीप्रमाणं बायका धूत होत्या. तिमाण्णा दगडासमोर उकिडवे बसले होते. हातानं त्यांनी पाणी मारून कुंकू धुतलं. ते लाल पाणी कठड्यावरून खाली ओघळलं. मग एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचू लागले. जिथं अडले तिथं थांबले, पण कुणाला विचारलं नाही.

"ये… थे… क… प… डे… कपडे. धु… धुन्या… स. म… ना… ई. आ… हे."

पुन्हा एकदा सगळं जोडून वाचलं. धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांतली गंगूबाई, साठीची, कुणालाही काहीही बोलायला न भिणारी, हातातला पिळा तसाच धरून म्हणाली, "म्हंजी? हितं धुवायचं न्हाई, आसं लिवलंय व्हय? आन आमी वीस वर्सं हितंच धुतोय!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"वरच्या चार ओळीत हाय का बाचं नाव?" तिमाण्णांनी मला विचारलं.

"नाही."

"तुमाला ठावं हुतं?"

"होय."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तुमी मला मोठ्यानं वाचून दावलंत, बाई. विहीर खोदनार हणमाप्पा धोत्रे. म्या हात जोडलं."

अंबू रडायला लागली. "मलाबी ठावं हुतं. म्या आईला सांगितलं हुतं. आई म्हनली, बाला सांगू नगंस."

तिमाण्णांनी बायकोकडं पाहिलं. नागव्वानं पदर तोंडाला लावला, पण नजर चुकवली नाही. "दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "तुमी त्या दिशी किती खूश आसता. काय करू म्या?"

ते उठले. "मग शिकवत काय हुता मला?" एवढंच म्हणाले. ते मला म्हणाले की सगळ्यांनाच, मला आजही नक्की सांगता येणार नाही. अनवाणीच माळाच्या वाटेनं निघून गेले.

सोमवारी ते वर्गाला आले नाहीत. बुधवारी नाही, शुक्रवारीही नाही. नागव्वा आणि अंबू मात्र रविवारी आल्या, सतरंजीच्या कडेला बसल्या, वाचून गेल्या. मी इंदूताईंना फोन केला. पोस्टातून, तिथल्या एकुलत्या एका फोनवरून. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"घरी जा त्यांच्या. चुकलं म्हण. वर्गाला या असं मात्र म्हणू नकोस, ते त्यांचं त्यांना ठरवू दे."

वडारवस्ती गावाबाहेर, जुन्या खाणीच्या कडेला. तिमाण्णा झोपडीपुढं बसून एका पाट्याला छिन्नी-हातोडीनं टाकी लावत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. टाकीचा आवाज थांबला नाही.

"मी खोटं वाचलं, तिमाण्णा. माझं चुकलं."

टक, टक, टक.

"का वाचलंत?"

"तुमच्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "माझ्या तोंडाकडं बघून समदं गाव गप ऱ्हायलं बाई. घरची गप ऱ्हायली, पोरगी गप ऱ्हायली. वाचाय येत न्हाई ह्येचं मला दुक न्हवतं. पर माझ्याभवती समदी वाचत हुती आन म्या मधी नारळ फोडत हुतो, ह्येचं वाटतं." त्यांनी पाट्यावरची भुकटी झटकली. "ह्याम्होरं माझ्या तोंडाकडं बघायचं न्हाई. अक्षराकडं बघायचं. चुकलं तर चुकलं म्हनायचं."

"होय."

"मग बसा. हणमाप्पा कसं लिवत्यात?"

मी जमिनीवर बसले. धुळीत बोटानं लिहून दाखवलं. त्यांनी आधी रेघ मारली, मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळवली. ण नीट आला, प्प चुकला. मी चुकला म्हणाले. पुन्हा काढला. नागव्वानं आतून चहा आणून ठेवला आणि कधी नव्हे ती आमच्याजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बापूसाहेब निकमांकडं गेलो. आता ते ऐंशीचे होते, सरपंचपद सोडून जमाना झालेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोप्यात खाटेवर बसून उन्हं खात होते. तिमाण्णांनी आवाज दिला तसा त्यांनी लगेच ओळखला.

"बापूसायेब, म्या वाचाय शिकलो. हिरीवरचा दगूड वाचला."

म्हाताऱ्यानं खाटेची कड चाचपून शेजारी जागा केली. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. मग म्हणाला, "बस. खाली नको, खाटंवर बस."

तिमाण्णा खाटेवर बसले.

"नाव होतं. मी स्वतः कागदावर लिहवून घेतलं होतं, हणमाप्पाचं नाव. पण तुला कागद द्यायच्या आदल्या दिवशी आरोग्याचे साहेब आले. म्हणाले, पिण्याचं पाणी आहे, सूचना पाहिजेच. दगडावर पाच ओळीच मावत होत्या. मी म्हटलं, खालची काढा आणि ते घाला. तुला सांगीन म्हटलं. तू कागद घेऊन गेलास, मी बाहेरगावी होतो. आलो तर दगड बसलेला, आणि तू त्याच्यावर नारळ फोडत होतास."

"आन तुमी हात जोडून हुबं हुता. माझ्या ध्यानात हाय."

"होय. जोडले. तेव्हा तोंड उघडलं नाही, मग पुढं कसं उघडणार? दर सर्वपित्रीला मी विहिरीकडं जायचंच सोडलं." त्यानं हात पुढं करून अंदाजानं तिमाण्णांचा गुडघा धरला. "माझं नाव काढ त्या दगडावरनं. छिन्नी घे आणि काढ. तिथं तुझ्या बापाचं घाल. मी पंचायतीला सांगतो."

तिमाण्णांनी नकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्याला ती दिसली नाही, म्हणून मग बोलून सांगितलं. "खोदल्यालं नाव आपुन काढत न्हाई, बापूसायेब. माझ्या हातचंच हाय ते. म्या नवा दगूड घडिवतो. फकस्त एक सांगा. बाच्या संगं हिरीत आनखी कोन कोन उतरलं हुतं? तुमाला ठावं आसंल."

बापूसाहेबांनी डोळे मिटून बोटांवर नावं घेतली. सात आठवली. तिमाण्णांनी मला लिहू दिलं नाही. अंबूची वही त्यांनी आणली होती. तिच्यात पेन्सिलीनं, रेघ आधी मारून, एकेक नाव स्वतः उतरवलं. चुकलं तिथं मी चुकलं म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस ते गावभर हिंडले. काम आटोपलं की वही घेऊन निघायचे. वर्गातली माणसंही कामाला लागली. कुणाचा चुलता उतरला होता, कुणाची आजी गाळाच्या पाट्या वाहायला होती. ज्या दारांत यापूर्वी ते पाट्याला टाकी लावायला म्हणूनच गेले होते, तिथं आता लोक त्यांना बसायला घोंगडं टाकत आणि मेलेल्या माणसांची नावं सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून सांगत. गंगूबाईकडं गेलो तेव्हा तिनं मोठं भांडण काढलं. तिमाण्णांनी वहीत तिच्या नवऱ्याचं नाव घालून तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

"त्यो कशाला मधी?" ती म्हणाली. "पाट्या म्या उचलल्या. त्यो तवा पुन्याला हुता. नुसतं गंगू लिव."

"नुसतं गंगू कसं, मावशे? कंची गंगू ते कसं कळंल?"

"हिरीच्या तळातनं गाळ काढल्याली गंगू. दुसरी हाय का कोन?"

दुसरी नव्हती. नुसतं गंगू लिहिलं.

एकंदर चौदा नावं झाली. नऊ पुरुष, पाच बाया. पंचायतीला अर्जही तिमाण्णांनीच लिहिला, सात ओळींचा, त्यात दोन चुका राहिल्या होत्या. मी त्या दाखवल्या तेव्हा म्हणाले, आता कागूद नवा न्हाई, ऱ्हाऊ दे, त्यास्नी कळंल. त्यांना कळलं आणि परवानगी मिळाली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दुपारी दगड तयार होता. वस्तीवर, झोपडीपुढं आडवा ठेवलेला. मी गेले तेव्हा तिमाण्णा शेवटचं घासत होते. नागव्वा काव कालवलेलं वाटगं धरून बसली होती आणि अंबू वहीतली नावं दगडाशी ताडून बघत होती. हणमाप्पा धोत्रे वरून तिसरे होते. मी विचारलं, पहिले का नाहीत.

"ज्या क्रमानं खाली उतरलं त्या क्रमानं घातल्यात. बा तिसरा उतरला."

अंबूनं वही मिटली. "बा, तुमीबी उतरला हुता की. आजा सांगायचा म्हनून आई सांगती."

"हुतो की. खडक फोडायची सुतकी माझ्याकडंच हुती."

"मग तुमचं नाव कुठं हाय?"

तिमाण्णांनी दगडाकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ते एकदम मोठ्यानं हसायला लागले. त्या हसण्यानं शेजारच्या झोपडीतली माणसं बाहेर आली. पंधरा दिवस गावातलं दार न् दार धुंडाळून चौदा माणसं गोळा केली होती आणि स्वतःला विसरले होते.

"ऱ्हाऊ दे," ते डोळे पुसत म्हणाले. "जागाबी न्हाई."

"हाय," अंबू म्हणाली. उजव्या अंगाला, गंगूच्या पुढं. गंगूनं नवऱ्याला मधे येऊ दिलं नव्हतं म्हणून तिथं हातभर जागा सुटली होती.

"मग तूच काढ. म्या न्हाई काढनार सोताचं."

अंबूनं वाटग्यात बोट बुडवून दगडावर रेघ मारली, आधी रेघच, आणि तिच्याखाली वडिलांचं नाव लिहिलं. तिमाण्णांनी तिच्या हातात छिन्नी दिली, वरून स्वतःचा हात धरला. पहिली वेलांटी थोडी कलली. मी कलली म्हणाले. तिमाण्णा म्हणाले, दिसतंया मला, पर पोरीच्या हातची हाय, आसू दे.

तासाभरानं अंबूनं फुंकर मारून भुकटी उडवली. आम्ही सगळे बघत होतो. तेव्हा नागव्वा वाटगं खाली ठेवून पुढं सरकली. पदराला हात पुसले आणि दगडावर बोट टेकवलं.

"ति…" ती म्हणाली.

अंबूचं तोंड उघडंच राहिलं. तिमाण्णा वळून बघू लागले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. आजवर 'अंबूचा बा' आणि 'आवं' यापलीकडं त्या बाईच्या तोंडून नवऱ्यासाठी शब्द निघाला नव्हता.

"ति… मा…" बोट पुढं गेलं. ण्णा वर ती अडली. कुणी सांगितलं नाही. मीही नाही. ती ओठ हलवत राहिली, मग मान वर न करता म्हणाली, "ण्णा. तिमाण्णा."

शेजारणी खो-खो हसल्या. एक म्हणाली, "नागव्वा गं, नवऱ्याचं नाव घेतलंस! ते बी भर दुपारी, चारचौघांत!"

नागव्वाचे कान लाल झाले होते, पण बोट तिनं दगडावरून उचललं नाही.

"घेतलं कुठं?" ती म्हणाली. "वाचलं म्या."